आसऱ्याची कोनशिला

रस्ता दिसला की माझी नजर आधी गटाराकडे जाते. पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली की दुसरं काय होणार! लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात. मी बाजूपट्टी बघतो, मोरीचं तोंड बघतो, पावसाचं पाणी येतं कुठून आणि जातं कुठं ते बघतो. आमच्या हिचं म्हणणं, काश्मीरला नेलं तेव्हाही हे मोऱ्याच मोजत होते. त्यामुळे गेल्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरून जाताना जावईबापू "बाबा, डावीकडे बेन होप, उजवीकडे समुद्र" असं दाखवत होते, तेव्हा मी नव्या डांबरी रस्त्याशेजारून गेलेल्या जुन्या रस्त्याची कड शोधत होतो. ती शोधता शोधताच ते घर सापडलं.

घर कसलं, दोन खोल्यांचा दगडी सांगाडा. आजूबाजूला माणसाची वस्ती नाही, झाड नाही. तपकिरी रान, त्यात काळी डबकी आणि वारा. घराच्या भिंतीत एक लेख बसवलेला. लेक वाचून दाखवू लागली आणि मी हसायला लागलो. "काय झालं बाबा?" "अगं, ही कोनशिला आहे. आमच्याकडे असते तशीच!"

मजकूर थोडक्यात असा. हे घर वाटसरूंच्या आसऱ्यासाठी बांधलं आहे. या खोल, धोक्याच्या दलदलीतून १८३० साली रस्ता झाला, तो स्टॅफर्डच्या मार्क्विसांच्या एकट्याच्या खर्चाने. पूर्वीचे हाल ज्यांनी सोसले नाहीत त्यांना या सोयीची किंमत कळायची नाही. शेवटी नावं : इस्टेटीचे मुख्य कारभारी जेम्स लॉख, स्थानिक कारभारी जॉन हॉर्सबर्ग, मोजणीदार पीटर लॉसन. आणि कामात किती अडचणी आल्या ते या कारभाऱ्यांनाच काय ते ठाऊक, अशी एक पुस्ती. पाटी लावली कारभाऱ्यांनी आणि त्यांची पाठ थोपटली तीही त्यांनीच. अशा पाट्या मी जन्मभर बसवून घेतल्या आहेत. त्यांवर नाव कुणाचं येतं, कुणाचं येत नाही, हे मला सांगायला नको.

त्या रानाला 'मोईन' म्हणतात. गेलिक भाषेत मोईन म्हणजे पीटचं रान. हजारो वर्षं शेवाळ पाण्यात अर्धवट कुजून थरावर थर साचला की त्याचं पीट होतं. ओलं असताना पाय ठेवला की रबरासारखं दबतं. विटा कापून वाळवल्या की चुलीत जळतं, आपल्या गोवऱ्यांसारखं. या जिल्ह्याचं नाव सदरलँड, म्हणजे दक्षिणेचा मुलूख. ब्रिटनच्या उत्तर टोकाला दक्षिण म्हणणारे हे कोण, तर ऑर्कनी बेटांवरून इकडे बघणारे नॉर्स दर्यावर्दी. आपण ज्याला टोक म्हणतो ते कुणाच्या तरी अंगणाच्या पलीकडचं शेत असतं.

अशा दलदलीवर रस्ता टाकायचा म्हणजे डोकं लागतं, हे मात्र मी मान्य करतो. आमच्या भागात काळ्या मातीवर रस्ता करताना जी कटकट, तिच्या दहापट ही. दोन्ही अंगाला खोल चर काढून आधी पाणी उतरवलं. मग झाडाच्या फांद्यांच्या जुड्या बांधून आडव्या अंथरल्या, त्यावर गवताच्या मुळांसकट काढलेली ढेकळं, आणि मग वरचा कठीण थर. रस्ता जमिनीत बसवायचा नाही, तिच्यावर तरंगता ठेवायचा. जुन्या कडेला उभं राहून मी पाय आपटून पाहिला. हललं नाही. त्या मजुरांना मनातल्या मनात रामराम केला. त्यांची नावं पाटीवर नव्हती.

रस्तेबांधणीत या देशाचा माझ्यावर जुना उपकार आहे. आमच्या खात्यात ज्याला 'डब्ल्यूबीएम' म्हणतात, त्यातला 'एम' म्हणजे मॅकअ‍ॅडम. जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम हा स्कॉटलंडच्या एअर गावचा. मोठे धोंडे टाकू नका, दगड फोडून लहान करा, सहा औंसांपेक्षा जड खडा नको, चाकांच्या दाबानेच ते एकमेकांत बसतील, हा त्याचा मंत्र. टेलफर्ड दुसरा. त्याच्या नावाची दगडी सोलिंगची पद्धत आम्ही डिप्लोमाला पाठ केली होती. तो मेंढपाळाचा मुलगा, हाताने दगड घडवणारा गवंडी, पुढे ब्रिटनचा पहिल्या रांगेतला अभियंता झाला. या डोंगराळ मुलखातून लोक जहाजं भरून अमेरिकेला चालले, ते थोपवायला इथं काम काढा, असा अहवाल त्याने दिला. त्यातून १८०३ साली सरकारी आयोग नेमला गेला. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा जमीनदाराचा. टेलफर्डच्या देखरेखीखाली सुमारे ९२० मैल रस्ते आणि हजारावर पूल झाले. आकडे वाचून मी टोपी काढली असती. पण आदल्या दिवशी आम्ही ज्या दरीतून आलो होतो ती डोळ्यापुढून हलत नव्हती.

इन्व्हरनेसहून लेर्ग, तिथून अल्टनाहारा, मग नेव्हर सरोवराच्या काठाने खाली समुद्राकडे. या दरीला स्ट्राथनेव्हर म्हणतात. हिरवीगार, सपाट, नदीकाठची गाळाची जमीन. पहिल्या दहा मिनिटांतच मी म्हणालो, "एवढी चांगली जमीन आणि माणूस कसं नाही?" लेक म्हणाली, "पुढे थांबू, मग सांगते." सायर नावाच्या ठिकाणी पत्र्याचं एक छोटं चर्च आहे, तिथून जवळच जंगलात रोझल नावाच्या गावाच्या खुणा. घरांचे चौथरे, गुरं आवरायचं गावकूस, कणसं वाळवायच्या भट्ट्या. १९६२ साली पुराणवस्तूवाल्यांनी हे गाव खणून मोजलं. गवतातून फिरताना पायाला दगड लागला की समजायचं, ही कुणाची तरी भिंत.

इथं मॅके कुळाचे लोक राहत. काळी गुरं पाळायची, जव-ओट पिकवायचे, उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावरच्या झोपड्यांत जायचं. घर लांबट, भिंती मातीच्या आणि दगडाच्या, मध्यभागी जमिनीवरच पीटचा विस्तव. तो विस्तव रात्री राखेखाली झाकायचा आणि सकाळी फुंकून उठवायचा. विझू द्यायचा नाही. माझी आजी हेच करायची. आगपेटी परवडत नव्हती असं नाही, पण चूल थंडी पडणं तिला अशुभ वाटायचं. संध्याकाळी एका घरी सगळी वाडी जमायची. गोष्टी, गाणी, वंशावळी. त्या बसण्याला 'केली' म्हणतात आणि अशा घराला केलीघर. खाणावळ, धर्मशाळा या मुलखात जवळपास नव्हत्याच. वाटसरू आला तर तो कुणाच्या तरी चुलीशीच बसणार. पाहुणचार ही तिथं मनाच्या मोठेपणाची गोष्ट नव्हती, ती वहिवाट होती. आज तू माझ्या दारी, उद्या मी वादळात तुझ्या दारी.

ही जमीन सदरलँडच्या काउंटेस एलिझाबेथची. तिचा नवरा म्हणजे पाटीवरचे ते मार्क्विस, इंग्लंडमधले अतिश्रीमंत गृहस्थ. लोकरीला भाव आला होता. माणसांच्या खंडापेक्षा शेव्हियट मेंढरांचा खंड जास्त मिळणार होता. तेव्हा दरीत मेंढरं आणि दरीतली माणसं किनाऱ्यावर, दोन-तीन एकरांच्या खडकाळ तुकड्यांवर. तिथं त्यांनी मासेमारी शिकावी, असा बेत ठरला. जन्मभर गुरं राखलेल्या माणसांनी! स्ट्राथनेव्हरमध्ये १८१४ आणि १८१९ साली मोठ्या हकालपट्ट्या झाल्या. घरातून माणसं काढायची आणि छपराची लाकडं जाळायची. या मुलखात झाड दुर्मीळ. भिंती कुणाच्याही असोत, वासे मात्र माणसाची कमाई. ते जळले की परत उभं राहणं संपलं. १८१४ ची हकालपट्टी करणारा कारभारी पॅट्रिक सेलर, आणि रिकाम्या केलेल्या जमिनीचा खंडकरीही तोच. एक शंभरीला टेकलेली आजारी म्हातारी आत असताना घर पेटवलं, तिला बाहेर काढलं, पण ती काही दिवसांत गेली, असा आरोप त्याच्यावर होता. १८१६ साली इन्व्हरनेसला खटला चालला. तो निर्दोष सुटला. माझी लेक राहते ते हेच गाव. तिथल्या नदीकाठी आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जायचो.

या दरीतली तरणी पोरं तेव्हा कुठं होती? १७९९ साली सदरलँडच्या नावाची ९३ वी हायलँडर पलटण उभी राहिली, तिच्यात. जानेवारी १८१५ मध्ये ती पलटण अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला तोफांच्या तोंडी उभी होती. घर जळून तेव्हा सहा-सात महिनेच झाले होते. शेजारच्या रॉस मुलखात १७९२ साली लोकांनी जमीनदारांची मेंढरं गोळा करून हाकलून द्यायचा प्रयत्न केला, तो सैन्य आणून मोडला. पुढच्याच वर्षी तिथं ७८ वी पलटण उभी केली. ती २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यात असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली. नोकरीत असताना केळणा नदीच्या त्या भागात मी फिरलो होतो. तेव्हा गोऱ्यांची फौज एवढंच ठाऊक होतं. त्यातल्या कित्येकांच्या गावात मेंढरं शिरली होती, हे कळायला मला अख्खा जन्म आणि लेकीचा व्हिसा लागला.

आता पुन्हा त्या पाटीकडे येतो. १८२९ साली सदरलँडच्या इस्टेटीने शेजारच्या लॉर्ड रे यांची जमीन विकत घेतली, आणि लगेच पुढच्या वर्षी मोईनवर रस्ता आणि आसऱ्याचं घर झालं. त्याच १८३० साली, त्याच इस्टेटीत, काही मैल पूर्वेला काय झालं ते डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या एका गवंड्याने लिहून ठेवलं आहे. हा मूळचा रोझलचा. हकालपट्टीविरुद्ध बोलणारा, म्हणून कारभाऱ्यांच्या डोळ्यात सलणारा. २० ऑक्टोबरला तो कामासाठी लांब गेला असताना आठ माणसं त्याच्या घरी आली. घरातली नुकतीच जेवणावरून उठत होती. बायको, अंगावर पिणारं मूल आणि तीन लेकरं, थोरलं आठाच्या आत. सगळ्यांना बाहेर काढलं, सामान फेकलं, चुलीतला विस्तव विझवला, दारं-खिडक्यांना खिळे ठोकले. आणि मग आसपासच्या घरोघरी निरोप गेला : यांना जो एका रात्रीचाही आसरा देईल, त्याचंही घर असंच जाईल. त्या बाईने शेवटी केथनेसच्या हद्दीकडची वाट धरली, तेव्हा कुठं तिला एका भल्या माणसाच्या घरी आसरा मिळाला.

म्हणजे एकाच वर्षी एकाच मालकाने 'वाटसरूच्या आसऱ्यासाठी' असं दगडात कोरून घेतलं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला आसरा देणं हा गुन्हा ठरवला. माझा त्या दगडावर राग नाही. रस्ता चांगला आहे, घरही पावसात अडकलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं असेलच. पण ज्या मुलखात प्रत्येक घरच धर्मशाळा होतं, ती घरं पाडल्यावर मग एक धर्मशाळा बांधावी लागली, एवढा हिशेब मला तिथं उभ्या उभ्या मांडता आला.

मॅक्लाउडने १८४०-४१ मध्ये ही हकीकत एडिंबरोच्या एका वर्तमानपत्रात पत्रांतून लिहिली. पुढे तो कॅनडात गेला. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो १८५३ साली ब्रिटनला आल्या, तेव्हा पुढच्या पिढीतल्या डचेस ऑफ सदरलँडने त्यांचा मोठा पाहुणचार केला. बाईंनी प्रवासाच्या पुस्तकात यजमानांच्या 'सुधारणां'ची भलामण केली. गुलामांचं दुःख दिसलेल्या बाईंना हे दिसलं नाही. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'सनी मेमरीज'. मॅक्लाउडने १८५७ साली उत्तर म्हणून आपलं पुस्तक काढलं, 'ग्लूमी मेमरीज'. खाल्ल्या मिठाला जागणं हा गुणच; पण लिहिणाऱ्याने मीठ कुणाचं ते आधी सांगावं. म्हणून मीही सांगून टाकतो, मी तिथं कुणाचं खाल्लं.

बेटीहिल सोडून आम्ही टंगकडे निघालो होतो. बेटीहिल म्हणजे बेटीची टेकडी, ही बेटी म्हणजे काउंटेस एलिझाबेथच असं सांगतात. हुसकावलेल्यांच्या वस्तीला हुसकावणारीचं नाव. रस्ता एकपदरी, ठरावीक अंतरावर बाजूला सरकायच्या जागा. समोरून मालमोटार आली, जावईबापू घाईने कडेला झाले आणि डांबराच्या तुटक्या कडेने टायर कापलं. मी खाली उतरून आधी कड बघितली. बाजूपट्टी नव्हतीच, चूक तिची. हलका पाऊस, बोचरा वारा, आणि मदतीची गाडी यायला दोन तास.

शंभर पावलांवर एक पांढरं घर होतं. तिथून रबरी बूट घातलेल्या एक आजीबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. नाव-गाव विचारलं नाही. लेकीला म्हणाल्या, "स्ट्रूपाक घ्यायला चला." लेकीने अर्थ सांगितला : गेलिकमध्ये स्ट्रूपाक म्हणजे घोटभर, चहा आणि त्यासोबत काहीबाही. आमची ही लगेच म्हणाली, "म्हणजे आपलं 'घोटभर चहा घेऊन जा' तेच की!" तेच. आणि आपल्याकडच्यासारखंच, घोटभर म्हणजे दोन कप आणि पोटभर.

स्वयंपाकघरात शेगडी धगधगत होती. बाहेर पीटच्या विटा रचलेल्या, आमच्याकडे कडब्याची गंजी रचतात तशा नीट, पाणी निथळेल अशा उतरत्या. तव्यावर भाजलेले गरम स्कोन आले, त्यावर लोणी आणि 'क्राउडी'. क्राउडी म्हणजे आंबट दूध फाडून बांधलेला आपला चक्काच, मीठ घातलेला. हिने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. आजीबाईंनी एक खाल्ला, दुसरा कपाटात ठेवला, आणि कशाचा आहे ते तिसरा हातात घेतल्यावर विचारलं.

मी लेकीकरवी विचारलं, तुम्ही पिढ्यान् पिढ्या इथल्याच का? त्यांनी मान हलवली. "नाही, नाही. आम्ही इथले नव्हे. आम्ही वरच्या दरीतले."

दोनशे वर्षं झाली होती त्याला. नोकरीत एका पुनर्वसन वसाहतीचा रस्ता मी केला होता. तिथली शाळेतली पोरंसुद्धा गाव विचारलं की धरणाखाली गेलेल्या गावाचं नाव सांगायची, ज्याचं एक घरही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, चार-दोन वर्षांत विसरतील. आजीबाईंच्या स्वयंपाकघरात माझा तो अंदाज चुकला.

निघताना जावईबापूंनी संकोचत पाकीट काढलं. आजीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते परत खिशात घातलं आणि पुढचे दहा मैल कुणाशी बोलले नाहीत.

किनाऱ्यावरच्या या दोन-तीन एकरांत जगायचं तर बटाट्यावर. १८४६ साली बटाट्यावर करपा पडला आणि हायलँडमध्ये, म्हणजे या डोंगराळ मुलखात, उपासमार झाली. मदत सुरू झाली, पण फुकट खायची सवय लागू नये म्हणून काम द्यायचं ठरलं. काम म्हणजे रस्ते. पुरुषाला दिवसाची मजुरी एक ते दीड पौंड ओटचं पीठ, बायकांना आणि पोरांना त्याहून कमी. पश्चिमेला डंडोनेलकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही 'डेस्टिट्यूशन रोड' म्हणतात, कंगालीचा रस्ता. परतीच्या वाटेवर तो लागला. बाकीचे धबधबा बघायला उतरले. मी रस्त्यातच उभा राहिलो.

मी आटपाडी तालुक्यातला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. गावाजवळ रस्त्याचं दुष्काळी काम निघालं, आई आणि मी खडी फोडायला जायचो. खड्याचा आकार ठरलेला. मोठा राहिला की मुकादम ढीग नाकारायचा. तो आकार मॅकअ‍ॅडमचा, हे डिप्लोमाला गेल्यावर कळलं. कामावर खायला सुकडी मिळायची. एके दिवशी आईला ताप, ती घरी; माझा एकट्याचा ढीग भरला नाही. शेजारच्या ढिगावर दुसऱ्या गावची एक बाई बसायची. तिने आपली सुकडी अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. "घे रं, उद्या तू दे." दुसऱ्या दिवशी तिची टोळी दुसऱ्या कामावर गेली. नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. हिरवं लुगडं आणि मनगटावरचं गोंदण तेवढं आठवतं. तो रस्ता आज डांबरी आहे. कडेला कोनशिलाही आहे.

१८८३ साली सरकारी आयोग कुळांच्या तक्रारी ऐकायला बेटीहिलला आला. नेपियर आयोग. अँगस मॅके नावाचा ऐंशीच्या घरातला शेतकरी साक्षीला उभा राहिला. हकालपट्टीच्या वेळी तो अकरा वर्षांचा. आईबाप गुरं घेऊन पुढे गेलेले. घर जाळायला माणसं येतात म्हणून घाबरून त्याने लहान भावाला पाठीवर घेतलं आणि नदीत शिरला. पाणी भावाच्या पाठीला लागलं, भाऊ रडत गळ्याला घट्ट बिलगला आणि दोघंही पाण्यात पडले. काठाने एक गरीब बाई लेकराबाळांसह चालली होती. तिने उडी मारून दोघांना बाहेर ओढलं. सत्तर वर्षांनी त्या म्हाताऱ्याने सरकारी कागदावर तेवढी तिची नोंद करवली. नाव त्यालाही सांगता आलं नाही. पण मला हा कागद त्या पाटीपेक्षा टिकाऊ वाटतो.

अशा साक्षींतून १८८६ चा क्रॉफ्टर कायदा झाला. कुळाला काढता येणार नाही, खंड वाजवी ठरेल, जमीन वारसाकडे जाईल. आपला १९४८ चा कूळ कायदा आठवावा. पण त्याने वरची दरी परत मिळाली नाही. किनाऱ्यावरचा तुकडा पक्का झाला, एवढंच. आजीबाईंचं घर त्या तुकड्यावर उभं आहे.

२०१५ पासून या सगळ्या रस्त्याला 'नॉर्थ कोस्ट ५००' असं नाव देऊन पर्यटकांसाठी जाहिरात झाली. इन्व्हरनेसहून निघून इन्व्हरनेसलाच यायचं, सुमारे ५१६ मैल. गाड्या वाढल्या, घरगुती मुक्कामाच्या पाट्या वाढल्या, पैसा आला. सरकायच्या जागांत मुक्काम ठोकणाऱ्या घरवजा गाड्याही आल्या आणि लोक वैतागले. ज्यांना पूर्वी मेंढरांसाठी बाजूला व्हावं लागलं त्यांना आता पाहुण्यांसाठी बाजूला व्हावं लागतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तरी रस्त्याकडेला लाकडी पेटीत अंडी आणि केक ठेवलेले दिसतात, शेजारी पैशांचा डबा, राखायला कुणी नाही. हिने दोनदा मोजून पैसे टाकले आणि तिसऱ्यांदा, उगाच कमी पडले असतील म्हणून, आणखी एक नाणं.

एकपदरी रस्त्याची एक रीत मात्र माझ्या हाडात मुरली. समोरचा आपल्यासाठी थांबला की जाताना हात वर करायचा. राजा असो, दूधवाला असो, हात वर. तीन दिवसांत मी मागच्या सीटवरूनही हात वर करायला लागलो.

परत आल्यावर एका सकाळी आटपाडीच्या त्या जुन्या खडीच्या, आता डांबरी रस्त्याने फिरायला निघालो होतो. समोरून जीप आली, मला वाट द्यायला जरा कडेला झाली. सवयीने माझा हात वर गेला. जीप करकचून थांबली. आत बारा माणसं, मागे दोन शेळ्या. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "बसा की काका, कुठं सोडू?" नुसतं फिरायला निघालोय, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण आतली माणसं तोवर सरकली होती, एकाने शेळी मांडीवर घेतली होती. आता नाही कसं म्हणणार? बसलो. नाव-गाव कुणी विचारलं नाही.